उद्याच्या भाकरीची काळजी : पंडिता रमाबाई ह्यांचे चरित्र

सोलापूर शहरातील नवी पेठ आपणांपैकी पुष्कळांच्या पायाखालची आहे. लग्नसराई जवळ आली म्हणजे खेड्यापाड्यांतील माणसे बस्ता बांधण्यासाठी ह्या पेठेत येतात. बायका लुगड्यांचे पदर उलगडून पाहत असतात, मुले सरबतासाठी हट्ट धरून बसलेली असतात. आणि सर्वांच्या मागे भिंतीला टेकून एक मनुष्य गप्प बसलेला असतो. तो रंग पाहत नाही, पोत पाहत नाही. तो मनातल्या मनात बेरीज करीत असतो. तो मुलीचा बाप.

अशाच एका बापाची आमची त्या पेठेत गाठ पडली. ते एका खेड्यातील मंडळीचे उपदेशक आहेत. ओळख जुनी, म्हणून आम्ही त्यांस चहास नेले, आणि तेथे त्यांनी आपले मन मोकळे केले. मागील रविवारी त्यांनी डोंगरावरील प्रवचनातील पाखरे व रानफुले ह्यांच्या वचनांवर उपदेश केला होता. मंडळीतील दोन म्हाताऱ्या बायांच्या डोळ्यांस पाणी आले. मात्र त्याच रात्री घरी आल्यावर ह्या उपदेशक बंधूंचा डोळ्यास डोळा लागला नाही. कर्जाचे व्याज थकलेले, विहीर आटलेली, लग्नाची तारीख ठरलेली. त्यांनी आम्हांस विचारले की, देवाच्या सेवकाने काळजी करणे हे पाप आहे काय, आणि आपण रात्रभर तळमळत असलो तर दिवसा केलेला उपदेश खोटा ठरतो काय.

आमच्याजवळ तयार उत्तरे पुष्कळ होती. त्यांतील एकही त्या वेळी तोंडातून निघाले नाही. घरी परतल्यावर मात्र एका बाईंची आठवण झाली. त्यांच्यापुढे हाच प्रश्न जन्मभर उभा होता, आणि तोही एका घराचा नव्हे, तर दोन हजार जिवांचा. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांच्या आयुष्यातील सर्वच गोष्टी येथे सांगत नाही; त्या उपदेशक बंधूंच्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध पोहोचतो तेवढ्याच सांगतो.

आपल्या मंडळ्यांत रमाबाईंचे नाव निघाले की लोकांस केडगावचे मुक्तिसदन आठवते. त्यांनी प्रार्थना करावी आणि धान्याची गाडी दाराशी यावी, असे त्यांचे आयुष्य असावे अशी पुष्कळांची समजूत असते. ज्यांस काळजी ठाऊकच नव्हती अशा एका साध्वीचे चित्र आपण मनात रंगवितो. हे चित्र खरे नाही. काळजी म्हणजे काय हे त्या बाईंस आपणां कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक होते, कारण ती त्यांच्या पोटात अगदी कोवळ्या वयात शिरली होती.

त्यांचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान व मोठे भाविक. स्त्रियांस संस्कृत शिकवू नये असा तो काळ. तरी शास्त्रीबोवांनी आपल्या पत्नीस शिकविले, आणि त्या माउलीने पहाटेच्या वेळी रमेस मांडीवर घेऊन श्लोक पाठ करून घेतले. पुढे घरची स्थिती खालावली आणि हे कुटुंब तीर्थयात्रा करीत, पुराणे सांगत देशभर हिंडू लागले. मिळेल त्यावर पोट भरावे व उरेल ते दानधर्मात द्यावे, असा त्यांचा क्रम होता. सांसारिक धंद्याचे शिक्षण मुलांस मिळाले नाही. हातांनी कष्टाचे काम करणे त्या घराण्यात कमीपणाचे मानीत.

अशात १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने त्यांस गाठले. सोलापूर जिल्ह्यातील वाचकांस दुष्काळ म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. थोड्याच वर्षांनी, १८७६ ते १८७८ ह्या काळात, ह्या जिल्ह्यालाही तशाच दुष्काळाने इतके पोळले की १८८१ च्या खानेसुमारीत येथील लोकसंख्या १८७२ पेक्षा कमी भरली. डोंगरे कुटुंबाने प्रथम दागिने विकले, मग चांगली वस्त्रे, मग तांब्या-पितळेची भांडी. नवससायास केले. देव प्रसन्न व्हावा म्हणून हातचा शेवटचा पैसाही दान केला. वडील तोवर वृद्ध व जवळजवळ अंध झाले होते. शेवटी भीक मागण्याची लाज वाटून हे पाच जण तिरुपतीच्या बाजूच्या रानात शिरले, आणि तेथे अकरा दिवस व अकरा रात्री पाणी, झाडांची पाने व मूठभर रानखजूर ह्यांवर त्यांनी काढल्या.

त्या रानात वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. निरोप घेण्याची वेळ आली तेव्हा त्या अंध वृद्धाने सर्वांत धाकट्या रमेस उराशी घट्ट धरले आणि सांगितले की, मी तुला देवाच्या हाती दिले आहे, तू त्याची आहेस व जन्मभर त्याचीच सेवा कर. कोणत्या देवाच्या हाती आपण मुलीस देत आहोत हे त्या पित्यास कोठून कळावे? पण पुढे रमाबाई म्हाताऱ्या झाल्या तरी हे शब्द विसरल्या नाहीत, आणि त्या देणगीचा स्वीकार कोणी केला हे आपणांस कळले असे त्या मानीत. आम्हांस ह्या प्रसंगात असे दिसते की, काळजीने सर्वस्वी हरलेल्या एका बापाने, आपल्या हातून काही होत नाही असे पाहून, जे करावयाचे तेच केले.

थोरला भाऊ श्रीनिवास पुढे आला. कुळाचा अभिमान टाकून मी मजुरी करीन, असे त्याने सांगितले, आणि जलसमाधीचा बेत राहिला. सर्वजण रानाबाहेर आले. पण थोड्याच दिवसांत वडील निवर्तले. त्यांच्यामागून आई तापाने अंथरुणास खिळली. तिला काहीतरी खावयास मिळावे म्हणून रमा एका घरी भाकरीचा तुकडा मागावयास गेली. दाराशी उभी राहिली. मात्र मागण्याचे शब्द तोंडातून निघेनात, नुसते अश्रू आले. घरातील बाईने ओळखले आणि बाजरीची भाकरी हातावर ठेविली. ती भाकरी आईच्या गळ्याखाली उतरली नाही. आई गेल्यावर प्रेत वाहून नेण्यास चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा श्रीनिवास झाला, आणि चौथी जागा रमेने घेतली. उंची कमी असल्यामुळे खांदा पुरेना, तेव्हा तिरडीची ती बाजू तिने डोक्यावर घेतली. काही महिन्यांनी थोरली बहीणही पटकीने गेली.

पुढली वर्षे भाऊबहीण पायी हिंडले. पंजाबात झेलम नदीच्या काठी एकदा थंडी असह्य झाली व पांघरूण नव्हते, म्हणून त्यांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत निजून अंगावर कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. १८७८ साली दोघे कलकत्त्यास पोहोचले. तेथील विद्वानांनी रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. सुखाचे दिवस येतील असे वाटू लागले, तोच १८८० च्या मे महिन्यात डाक्का येथे श्रीनिवासही आजारी पडला. मरणशय्येवर त्याला एकच घोर होता, की आपल्यामागे ह्या बहिणीचे कसे होईल. रमाबाईंनी त्यास इतकेच सांगितले की, तुझी व माझी काळजी वाहणारा देवावाचून दुसरा कोणीच नाही. ते ऐकून त्याने म्हटले की, देव आपली काळजी घेत असेल तर मला कसलेच भय नाही. आणि तो शांतपणे गेला. त्या वेळी रमाबाई ख्रिस्ती नव्हत्या. तसेच जुन्या देवांवरील त्यांचा विश्वासही उडाला होता.

त्याच वर्षी बिपिनबिहारी दास मेधावी ह्या वकिलांशी त्यांचा विवाह झाला. १८८१ च्या एप्रिलात मनोरमा जन्मली, आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पती पटकीने वारले. तेवीस वर्षांची विधवा व कडेवर दहा महिन्यांची मुलगी. आईबाप नाहीत, भाऊ नाही, सासरचा आधार नाही. त्याच वर्षी त्या पुण्यास आल्या व स्त्रियांच्या शिक्षणासाठी झटू लागल्या. १८८३ साली त्या इंग्लंडास गेल्या. वैद्यकी शिकण्याचा मनोदय होता. पण कानांनी कमी ऐकू येऊ लागल्यामुळे तो सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

ह्यापुढील गोष्ट आमच्या उपदेशक बंधूंनी विशेष लक्ष देऊन वाचावी.

बाप्तिस्मा झाल्याबरोबर रमाबाईंच्या मनास शांती मिळाली नाही. त्यांनी इंग्लंडात अध्यापन केले, अमेरिकेत तीन वर्षे व्याख्याने दिली, ग्रंथ लिहिला. तेथील स्नेह्यांनी मंडळ स्थापून दहा वर्षे मदत करण्याचे वचन दिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी बाईंनी मुंबईत शारदासदन उघडले. एवढे सर्व झाले तरी अंतःकरणातील अस्वस्थता गेली नाही. ख्रिस्ती धर्म आपणांस मिळाला आहे, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही, असे त्यांस बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी कळून आले, आणि हे त्यांनी पुढे स्वतः लिहून ठेविले. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे पुस्तक त्यांच्या हाती पडले. हे पाळकही दीक्षा होऊन, वर्षानुवर्षे उपदेश करूनही अंतरी शांती नसलेले असे होते, आणि स्वतः उपदेश करीत असतानाच त्यांचे डोळे उघडले. ते वाचून रमाबाईंनी आपली स्थिती ओळखली. आपले ओझे आपणच वाहत आहोत व ते टाकावयाचे ठिकाण ही एक व्यक्ती आहे, केवळ मताचा स्वीकार नव्हे, असे त्यांस उमगले. आठ वर्षे लागली. इतक्या बुद्धिमान व प्रामाणिक बाईंस जर आठ वर्षे लागली, तर आपल्या मंडळीतील एखाद्या नवीन बंधूस अजून रात्री भय वाटते म्हणून त्याच्या विश्वासाविषयी कुजबुज करणाऱ्यांनी जरा थांबावे, असे आम्हांस वाटते.

ही शांती लौकरच कसास लागली. शारदासदन १८९० साली पुण्यास आले होते. तेथे रमाबाई आपल्या खोलीत मुलीसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. कोणावर सक्ती नव्हती. तथापि काही मुली आपण होऊन येऊन बसू लागल्या. १८९३ साली शहरात मोठा गदारोळ झाला. सल्लागार मंडळातील थोर गृहस्थांनी राजीनामे दिले, आणि पालकांनी पुष्कळ मुली काढून नेल्या. राजीनामा देणारे लोक वाईट नव्हते. त्यांनी आपल्या मतास जागून ते केले. पण रमाबाईंपुढे सदन बंद पडण्याचा प्रसंग आला. त्यांनी दार लावून घेतले नाही.

१८९६ साली लोणावळ्यास ख्रिस्ती लोकांची सभा भरली. बाईंबरोबर प्रभूस स्वीकारलेल्या पंधरा मुली होत्या. पहाटे रानात एकट्या जाऊन त्यांनी आभार मानले, आणि ह्या पंधरांच्या पंधरापट, म्हणजे २२५ मुली द्याव्या, असे मागितले. मागून झाल्यावर मन हिशेब करू लागले. सदनात जागा होती सुमारे पासष्टांची, आणि पैसाही तेवढ्यांपुरताच. हा प्रसंग आम्हांस फार आवडतो, कारण त्यात बाई अगदी आपल्यासारख्या दिसतात. नव्या पेठेतील त्या बापाची बेरीज आणि ही बेरीज एकाच जातीच्या.

उत्तर आले ते दुष्काळाच्या रूपाने. १८९६-९७ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. ती वार्ता ऐकताच रमाबाईंस तिरुपतीचे रान आठवले, आईसाठी मागितलेली बाजरीची भाकरी आठवली. पैसा नसतानाही त्या तिकडे गेल्या. सरकारी अन्नछत्रांत व रस्त्यांच्या कडेला हाडांचे सापळे झालेल्या मुली होत्या, आणि त्यांच्याभोवती दुष्ट हेतूने फिरणारे लोकही होते. बाईंनी मिळतील तितक्या मुली आणल्या. पुष्कळ इतक्या खंगलेल्या होत्या की आणल्यावरही वाचल्या नाहीत. तशात पुण्यात प्लेगाची साथ आली व शहरात ह्या मुलींस ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. आता जावे कोठे?

सोलापूरहून पुण्यास आगगाडीने जाताना दौंड मागे पडल्यावर केडगाव हे स्टेशन लागते. त्याच्याजवळ सुमारे शंभर एकर जमीन बाईंनी आधीच घेऊन ठेविली होती. फळझाडे लावून सदनास स्वतःचे उत्पन्न करावे असा त्यांचा बेत होता. तेथे तंबू ठोकले, छपरे घातली, आणि मुलींस तेथे नेले. पाहता पाहता संख्या तीनशेच्या घरात गेली. लोणावळ्याची पंधरापट मागे पडली.

१८९८ साली अमेरिकेच्या मदतीची दहा वर्षे पुरी झाली. पुढे शारदासदनास तिकडून साहाय्य येत राहिले; पण केडगावच्या वाढत्या कुटुंबास ठरलेले असे उत्पन्न नव्हते. १९०० साली गुजराथेत दुष्काळ पडला, तेव्हा तेथूनही शेकडो मुली आल्या आणि मुक्तिसदनातील माणसे दोन हजारांच्या जवळपास गेली. प्रत्येकीस एका वेळी एकच भाकरी धरली, तरी दोन वेळांच्या चार हजार भाकरी होतात. ज्या बायांनी घरात लग्नकार्यासाठी शेदोनशे भाकरी थापल्या असतील त्यांनी हा आकडा मनात आणून पाहावा. आणि हे एका दिवसाचे झाले. दुसऱ्या दिवशी चूल पुन्हा पेटवावयाची होतीच.

येथे रमाबाईंची रीत नीट पाहिली पाहिजे. दररोज प्रार्थना होई व जे हवे ते त्यात नाव घेऊन मागितले जाई: धान्य, कापड, पाणी, कोणा आजारी मुलीचा ताप. अडचण मुलींपासून लपवून ठेवीत नसत. मोठ्या मुलींस ठाऊक असे की कोठारात काय आहे व काय नाही. पण प्रार्थना संपली की कोणी आकाशाकडे पाहत बसत नसे. विहिरी खणल्या. १९०० च्या त्या कोरड्या उन्हाळ्यात विहिरींचा तळ सायंकाळी दिसू लागे आणि सकाळी पुन्हा उपशाजोगे पाणी साचलेले असे, अशी हकीकत तेथील लोक सांगत आले आहेत. सांगोला-मंगळवेढ्याकडील वाचकांस तिची किंमत वेगळी सांगावयास नको. शेती केली, गुरे पाळली, तेलाचा घाणा घातला, हातमाग बसविले, शिवणकाम, धोबीकाम व छापखाना चालविला. आंधळ्या मुलींस बोटांनी वाचावयास शिकविले. ज्या घराण्यात हातांचे कष्ट कमीपणाचे मानीत, त्या घराण्यातील कन्येने हजारो मुलींच्या हातांत विळा, धोटा व खिळे दिले. अनंतशास्त्र्यांचे कुटुंब रानात उपाशी पडले होते ते भक्ती नव्हती म्हणून नव्हे. हातांस काम ठाऊक नव्हते, हे त्या उपासामागील एक कारण होते. बाई हे विसरल्या नाहीत.

म्हणून, विश्वास आहे म्हणून विहीर खणावयाची नाही, किंवा विहीर खणली म्हणजे विश्वास कमी पडला, असे वाद जे आपल्यात कधी कधी होतात त्यांस केडगावात जागा नव्हती. आमच्या मते काळजी मनुष्याचे हात बांधून टाकते. रात्रभर बेरीज करणारा मनुष्य सकाळी कुदळ उचलण्याआधीच थकलेला असतो. ओझे प्रभूपाशी ठेविल्याने रमाबाईंचे हात मोकळे झाले, एवढेच आम्हांस त्यांच्या चरित्रात दिसते, आणि ते थोडे नाही.

तथापि प्रार्थनेने सर्वच मागणे मिळते असे सांगून आम्ही वाचकांस फसविणार नाही. मनोरमाबाई मोठ्या झाल्या, पदवीधर झाल्या. पुण्यातील शाळेचे काम त्यांनी पाहिले, गुलबर्ग्यास मुलींची शाळा काढली, आणि आईमागे मुक्तिसदनाचा सर्व भार त्या उचलतील असे ठरले होते. जिच्या काळजीने आईने इतकी वर्षे काढली, तीच आता आईचा आधार झाली होती. पण मनोरमाबाईंची प्रकृती खालावत गेली, आणि जुलै १९२१ मध्ये, चाळिशीतच, त्या आईच्या आधी गेल्या. रमाबाईंनी तिच्यासाठी प्रार्थना केली नसेल काय? आईबाप, बहीण, भाऊ, पती आणि आता एकुलती एक मुलगी. त्रेसष्ट वर्षांच्या त्या वृद्धेस मागे ठेवून सर्वजण गेले होते. त्या दिवसांत त्यांच्या मनात काय चालले असेल ते आम्ही कल्पनेने लिहिणार नाही.

हातचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. कित्येक वर्षांपासून त्या पवित्र शास्त्राचे मराठीत भाषांतर करीत होत्या. खेड्यातील अल्प शिकलेल्या बाईसही वाचून कळावे अशी सोपी भाषा त्यांस हवी होती. त्यासाठी त्यांनी उतारवयात इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला. मुक्तिसदनाच्या छापखान्यात मुली खिळे जुळवीत, कच्चे छाप बाईंकडे येत, आणि त्या एकेक अक्षर तपासून परत पाठवीत. मुलगी गेल्यानंतरचे आठ-नऊ महिने त्यांनी ह्याच कामात घालविले. ५ एप्रिल १९२२ रोजी झोपेतच त्यांचे देहावसान झाले. ते संपूर्ण शास्त्र १९२४ साली बाहेर पडले.

नव्या पेठेत भेटलेल्या उपदेशक बंधूंच्या मुलीचे लग्न वैशाखात पार पडले. बस्ता ठरविला होता त्याहून हलकाच घेतला, असे त्यांनी कळविले आहे. कर्ज अजून फिटावयाचे आहे, आणि मंडळीतील चौघे तरुण शनिवारी येऊन त्यांच्या विहिरीतील गाळ काढू लागले आहेत. पुढच्या खेपेस पुण्यास जाताना आम्ही दोघांनी केडगावास उतरावयाचे ठरविले आहे.